पुलावाचून लढाई

हुरड्याचे दिवस आले की मला स्कॉटलंड आठवतं. हे मी सहसा कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की समोरचा माझ्या कपाळाला हात लावून ताप बघतो. पण खरंच आठवतं. पौषातलं कोवळं ऊन, आगटीत भाजलेल्या ज्वारीच्या कणसांचा गोडसर वास, तळहाताला चिकटलेला हिरवा भुसा, आणि त्या धुरापलीकडे लांब भाले घेऊन उभी असलेली, रजईच्या कापसानं फुगलेली स्कॉटिश फौज. ती फौज परतूरची होती आणि तिचे अंगरखे माझ्या बाबांनी शिवले होते.

परवा रविवारी दुपारी टीव्हीवर स्कॉटलंडच्या लढाईचा तो इंग्रजी चित्रपट पुन्हा लागला. मी वह्या तपासत बसले होते, घोड्यांच्या टापा ऐकून मान वर केली. तेच डोंगर, तेच धुकं, तीच निळी तोंडं. भाचा शेजारी बसून मोबाइलवर काहीतरी वाचत होता. म्हणाला, मावशी, हा सगळा पिक्चर खोटा आहे, इथं चुकांची यादीच दिलीय. आणि त्यानं वाचायला सुरुवात केली. त्या काळात ते चौकड्यांचे घागरे नव्हतेच, ते पुढं तीनेकशे वर्षांनी आले. तोंडाला निळा रंग लावणारे लोक हजारेक वर्षं आधीच होऊन गेले होते. पुलावरच्या लढाईत पूलच नाही. आणि राजकन्या तर तेव्हा पाळण्यात होती. मी ऐकून घेतलं. ही यादी मला चौदाव्या वर्षापासून पाठ आहे आणि तिच्यातल्या शेवटच्या कलमापायी मी चार दिवस घरात कुणाशी धड बोलले नव्हते, हे काही त्याला सांगितलं नाही.

मी नववीत होते. केबल नुकतीच आमच्या गल्लीत आली होती. केबलवाल्याकडे इंग्रजी चित्रपटांच्या हिंदीतल्या मोजक्या कॅसेटी असाव्यात, कारण त्या हिवाळ्यात त्यानं हा एकच चित्रपट रविवार सोडून रविवार लावला. स्कॉटलंडचे शेतकरी भारदस्त हिंदीत एकमेकांशी बोलायचे, आणि आम्ही बोरं खात, बिया मुठीत धरून बघायचो. मी प्रत्येक वेळी रडले. आजही रडते, तेव्हा ते कबूल करून टाकलेलं बरं.

ते दिवस परतुरात कापसाचे. मोंढ्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांवर कापूस इतका चढवलेला असायचा की बैल दिसायचे नाहीत, नुसते ढिगारे चालत आल्यासारखे वाटायचे. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे झुबके अडकून राहायचे. नदीवरचा जुना पूल अरुंद होता. समोरून एखादी गाडी आली की दोन्हीकडे रांग लागायची, आणि मधे सापडलेला गाडीवान पुढच्याच्या सात पिढ्यांची आठवण काढत उभा राहायचा. हा पूल लक्षात ठेवा.

गॅदरिंगचं नाटक बसवायचं काम गायकवाड सरांकडे असायचं. ते खेळ शिकवायचे आणि उत्साह त्यांच्या अंगात मावत नसे. त्यांनीही रविवारी तोच चित्रपट बघितला होता. सोमवारी शाळेत येऊन त्यांनी जाहीर केलं की यंदा महाराजांच्या किल्ल्याचं नेहमीचं नाटक नाही, यंदा स्कॉटलंडची लढाई. पोरांनी बाकं वाजवली. त्याच तासाला भूमिका वाटल्या गेल्या आणि राजकन्येचं काम माझ्याकडे आलं. माझं पाठांतर चांगलं होतं हे एक कारण. माझे बाबा शिंपी होते आणि कपडे घरच्या घरी निघणार होते, हे दुसरं. दुसरं कारण मला तेव्हा कळलं नाही, आणि कळलं असतं तरी मी मनावर घेतलं नसतं.

बाबांनी कुणाच्यातरी लग्नातल्या उरलेल्या गुलाबी साटिनचा झगा चार दिवसांत शिवला. गळ्याला टिकल्या लावल्या. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला माप घेता घेता सांगायचे, आपली पोरगी राणी होऊन राह्यली, बघाया या. मापाला आलेला माणूस हात पसरून उभा असायचा, त्याला हो म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पोरांच्या घागऱ्यांचं मात्र त्यांना पटत नव्हतं. चौकड्यांच्या लुंग्या फाडून त्यांना चुण्या घालायच्या होत्या. गडी माणसांना झालरी कशापायी, असं पुटपुटत ते मशीन चालवायचे.

पहिल्या रंगीत तालमीला निळ्या रंगाचा प्रश्न आला. पोरांनी तो आपल्या परीनं सोडवला. कपड्यांना घालायची नीळ खोबरेल तेलात कालवून तोंडाला फासली. तालीम झाली आणि नीळ निघेना. साबण झाला, राख झाली, रॉकेल झालं. सेनापती झालेला आमच्या वर्गातला दत्ता तशाच तोंडानं बाजारातून घरी निघाला, तर भाजी विकणाऱ्या एका म्हातारीनं त्याला बहुरूपी समजून हात जोडले आणि त्याच्या दप्तरात पसाभर ज्वारी टाकली. त्यानं ती घेतली. पुढं आठवडाभर तो निळ्या कानांनी वर्गात बसत होता.

त्या निळ्या कानांवर सय्यद सरांची नजर पडली आणि तिथून सगळं फिरलं.

सय्यद सर इतिहास शिकवायचे. उंच, किडकिडीत, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. घरी उर्दू बोलत, पण वर्गात त्यांचं मराठी असं की मराठीच्या बाईंनी शब्द अडला तर त्यांना विचारावा. त्यांनी दत्ताला उभं केलं आणि विचारलं, हे काय. दत्तानं सांगितलं, सर, इतिहास. वर्ग हसला, सर हसले नाहीत. ते शनिवारी औरंगाबादला गेले आणि कुठल्याशा ग्रंथालयातून उशीएवढं जाड इंग्रजी पुस्तक घेऊन आले. बुधवारी तालमीच्या वेळी ते हॉलमध्ये येऊन बसले आणि एकेक गोष्ट काढून टाकायला लागले. नीळ गेली. घागरे गेले. त्या लोकांकडे लोखंडी चिलखतं फारशी नव्हती, चिंध्या आणि लोकर भरून शिवलेले जाड अंगरखे असायचे, म्हणजे आपल्या रजईचेच भाऊबंद, असं त्यांनी सांगितलं. हे पुढं कळल्यावर बाबा खूश झाले, रजई त्यांना येत होती.

गायकवाड सर भांडणारे नव्हते, पण घागऱ्यांसाठी त्यांचा जीव तुटला. ते म्हणाले, "सर, तुमचं बराबर आहे. पण घागरे काढले तर हे स्कॉटलंडचे लोक आहेत हे लोकांना कळणार कसं?"

सय्यद सरांचं बोट पानावरच राहिलं. पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. क्षणभर मला वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये. मग हळू आवाजात म्हणाले की ते बघू, आणि पुढचं पान काढलं. पुढच्या पानावर मी होते. त्या लढाईच्या वेळी ती राजकन्या जेमतेम दोन वर्षांची होती आणि समुद्रापलीकडे दुसऱ्याच देशात होती. तिची आणि त्या वीराची भेट झाली असणं शक्य नाही. तेव्हा हे पात्र नको. एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी मात्र त्यांच्याकडे अशी पाहत होते की बरंच झालं त्यांनी मान वर केली नाही.

चौदाव्या वर्षी माणसाचा अपमान फार मोठा असतो. मी घरी येऊन झगा घडी करून ठेवला आणि जेवले नाही. आईनं विचारलं तर म्हटलं दात दुखतोय. बाबांना मात्र सांगावं लागलं. त्यांनी पायाखालचं मशीन थांबवलं, चष्मा कपाळावर चढवला. मोंढ्यातल्या निम्म्या लोकांना त्यांनी सांगून ठेवलं होतं. ते एवढंच म्हणाले, "सर म्हणून राह्यले म्हणजे असंल तसं." आणि परत मशीन सुरू केलं. ते सरांच्या बाजूनं बोलले याचा मला सरांपेक्षा जास्त राग आला.

रविवारी दुपारी मी झगा पिशवीत घातला आणि सरांच्या घरी गेले. काय बोलायचं हे वाटेत चांगलं घोकलं होतं. इतिहासातले सगळेच राजे खरं बोलत नव्हते, मग नाटकानंच का बोलावं, अशी सुरुवात होती. पुढचं आता आठवत नाही, पण चांगलं होतं.

सरांच्या अंगणात हुरडा चालला होता. शेतातून कोवळी कणसं आली होती, गोवऱ्यांच्या आगटीवर सर स्वतः ती भाजत होते. त्यांच्या पत्नीला आम्ही चाची म्हणायचो. चाचींनी मला बसवलं, गरम कणसं सुपात चोळून दाणे माझ्या ओंजळीत दिले, वर शेंगदाण्याची चटणी घातली. तोंडात हुरडा असला की माणसाला भांडता येत नाही. मी खात राहिले आणि पिशवी मांडीवर धरून ठेवली. चाचींनीच पिशवीत डोकावून झगा बाहेर काढला, टिकल्यांवरून हात फिरवला आणि सरांना उर्दूत काहीतरी म्हणाल्या. शब्द मला कळले नाहीत. सूर कळला, तो माझ्या बाजूचा होता.

सर उठून आत गेले आणि एक फोटो घेऊन आले. शाळेच्या पायऱ्यांवर नाटकातली पोरं ओळीनं उभी. एका टोकाला डोळ्यांत काजळाचे फराटे, हनुवटीला चिकटवलेली दाढी, हातात वाकडी तलवार, असा एक किडकिडीत मुलगा. मी ओळखलं नाही. सर म्हणाले, "मीच आहे."

वर्गातलं त्यांचं मराठी घरी नव्हतं. घरी आलेल्या माणसाशी ते आमच्यासारखंच बोलायचे. कणसं उलटीपालटी करत, माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं.

"मी बी याच गावात शिकलो. आमच्या गॅदरिंगला दर साली किल्ल्याचं नाटक, अन् मला दर साली शत्रूचा सरदार. काम चांगलं करायचो. टाळ्या पडायच्या. मंग दहा-पंधरा दिवस पोरं रस्त्यात मला त्याच नावानं हाका मारायची. एका साली गुरुजींला म्हणलो, महाराजांच्या फौजेत आमचे बी लोक होते, पुस्तकात हाय, मला त्यातला एक करा. गुरुजी वाईट माणूस न्हवते. हसले, पाठीवर हात ठेवला अन् म्हणले, बराबर हाय रे तुझं, पण लोकांना कळणार कसं?"

आगटीतलं एक कणीस फुटलं, दाणे तडतडले. चाची सूप घेऊन आत गेल्या. मला बुधवारचे सर आठवले, मिटलेलं आणि पुन्हा उघडलेलं पुस्तक आठवलं. माझं घोकलेलं भाषण मी हुरड्याबरोबर गिळून टाकलं.

सर म्हणाले, "एकदा चुकीचा कपडा चढला का, माणूस तोच घालून लोकांच्या डोस्क्यात फिरत राह्यतो. मेला तरी उतरत न्हाई. म्हणून मी असा किरकिऱ्या झालो. तुझं काम मी काढलं, ते तुला लागलं, मला दिसलं. तुला दुसरं देतो. पिक्चरवाल्यांनी जे सोडलं ते तू कर."

मी विचारलं, काय सोडलं.

"पूल," सर म्हणाले.

हे वाचताना हसू येत असेल तर हसा, आमच्या वर्गानंही हसून घेतलं. राजकन्या होती, पूल झाली. निळ्या कानांना मी हसले होते, त्याचा सूड दत्ताला उगवता आला. पण सरांनी आगटीशेजारच्या राखेत काडीनं ती लढाई काढून दाखवली तेव्हाच मला पटलं होतं. एकीकडे मोठी फौज, घोडे, चिलखतं. दुसरीकडे भाले घेतलेले थोडे शेतकरी. मधे नदी आणि तिच्यावर लाकडी पूल, इतका चिंचोळा की एका वेळी दोनच घोडेस्वार जातील. मोठी फौज दोन-दोन करत यायला लागली. शेतकऱ्यांनी घाई केली नाही. निम्मे अलीकडे येऊ दिले, निम्मे पलीकडे ठेवले, आणि मग तोंड अडवलं. शौर्य होतंच, पण त्याहून जास्त थांबून राहण्याची अक्कल होती. चित्रपटात हीच लढाई उघड्या मैदानावर आहे. पूल काढला आणि अक्कलही त्याच्याबरोबर गेली, उरली नुसती आरडाओरड.

बाबांनी बारदान उसवून माझा पोशाख केला. अंगभर तपकिरी, बाह्यांना फळ्यांच्या रेघा. दोन बाकं जोडून वर फळ्या टाकल्या होत्या, त्यांच्या मधोमध एका खांबाला टेकून मला उभं राहायचं होतं आणि अधूनमधून बोलायचं होतं. माझं पहिलं वाक्य होतं, "मी पूल. माझ्यावरून एका वेळी दोनच घोडे जातात." गुलाबी झगा पेटीत गेला. पुढं आईनं त्याचे उशांचे अभ्रे केले, ते फार गुळगुळीत होते, डोकं घसरायचं.

गॅदरिंग दुपारी झालं, कारण संध्याकाळी वीज जायची. पटांगणात मांडव, पुढं सतरंज्या, मागं खुर्च्या. पोरांच्या अंगात रजईचे अंगरखे आणि वर ऊन, फौज पहिल्या अंकातच घामानं भिजली. वाजंत्री म्हणून गावचा हलगीवाला बसला होता. हलगी स्कॉटलंडात नव्हती हे सरांना ठाऊक होतं, पण त्याला नाही म्हणायची हिंमत परतुरात कुणाचीच नव्हती. एवढी एक चूक आम्ही इतिहासात ठेवली.

पहिली दहा मिनिटं लोक चुळबुळत होते. निळी तोंडं नाहीत, घागरे नाहीत, राणी नाही. हे कोण लोक, असं पुढच्या ओळीत कुणीतरी मोठ्यानं विचारलंही. गायकवाड सर विंगेत नखं खात होते. मग मोठी फौज पुलावर चढली. दोन-दोन, सावकाश, सरांनी ताकीद दिली होती तशी. मी माझं वाक्य म्हटलं. आणखी दोन आले. पुन्हा म्हटलं. पलीकडची पोरं ढकलाढकली करायला लागली, अलीकडच्यांना पाय ठेवायला जागा उरली नाही. आणि मागून, खुर्च्यांच्याही मागून, एका गाडीवानाचा आवाज आला.

"आरं, हे तर आपल्या पुलावानी झालं. मधीच गुतले की."

मांडवात जी लाट उसळली ती मी अजून विसरले नाही. सगळ्या परतूरला एका क्षणात ती लढाई कळली. प्रत्येकजण कधी ना कधी कापसाच्या गाडीसकट त्या जुन्या पुलावर अडकला होता. माणसं उठून उभी राहिली, शेतकऱ्यांच्या फौजेला सल्ले द्यायला लागली. आत्ता न्हाई, थांबा, अजून येऊ द्या. दत्ता भाला घेऊन थांबला, आणि लोकही त्याच्याबरोबर श्वास धरून थांबले. कोणत्या देशाचे, कोणत्या शतकातले, याची कुणालाच पडली नव्हती, आणि तरी सगळं बरोबर कळत होतं. खांबाला टेकून मी सय्यद सरांना शोधलं. ते मांडवाच्या टोकाला उभे होते. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

घरी जाताना बाबा पुढं चालत होते. वळणावर आल्यावर म्हणाले, "बाकीचे नाटकातले वाटले. पूल तेवढा खरा वाटला." राणी बघायला आलेल्या मोंढ्यातल्या लोकांनी पुढं वर्षभर माझी चौकशी 'पूल कशी आहे' अशीच केली.

मला त्या चित्रपटाचा राग नाही. त्यानं ढकललं नसतं तर आम्ही परतूरहून स्कॉटलंडला पोचलोच नसतो. माणसाला आधी रडू येतं आणि मग तो विचारतो, हे खरं होतं का. पण हे विचारायचं कुणीतरी शिकवावं लागतं. सर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मी इतिहास घेतला, बी.एड. केलं, आणि आता जालन्याला मुलींच्या शाळेत तोच विषय शिकवते. दर वर्षी पोरींना पुलाची लढाई सांगते, फळ्यावर नदी काढते. सरांची ही गोष्टही सांगते. सांगताना मला स्वतःविषयी फार बरं वाटतं.

भाच्याची यादी वाचून संपली तेव्हा मी वह्या बाजूला केल्या आणि दुसरी यादी काढली. आमच्या गॅदरिंगची. यंदा किल्ल्याचं नाटक आहे, मुलींचीच शाळा, त्यामुळे मिशा लावून सगळी कामं मुलीच करतात. शुक्रवारी मधल्या सुट्टीत, चहा घेता घेता, मी भूमिका लिहून टाकल्या होत्या. माझंच अक्षर. शत्रूचा सरदार, आणि त्याच्यापुढं रुखसार.

मी त्या नावावर बोट ठेवलं. तिचा आवाज खणखणीत आहे म्हणून, असं स्वतःला सांगून पाहिलं. मग गेल्या वर्षीची यादी आठवली. तेव्हा ती सातवीत होती, आवाज जेमतेम पुढच्या बाकापर्यंत पोचायचा, आणि काम हेच होतं. त्याच्या आदल्या वर्षी तिची मोठी बहीण. तिन्ही याद्या मीच केलेल्या. मला शरम वाटली. ती अशी वाटली की भाच्यानं विचारलं, मावशी, दात दुखतोय का.

सोमवारी रुखसारला बोलावलं. म्हटलं, यंदा तुला कोणतं काम हवंय. ती गोंधळली. तिला वाटलं काहीतरी चुकलंय. मी पुन्हा विचारलं तेव्हा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "गडावरचा मावळा. जो दोर धरून वर चढतो ना, तो."

मी यादीत तसं लिहायला लागले. ती जाईना. मी वर पाहिलं.

"पण मॅडम," ती म्हणाली, "लोकांना कळंल कसं?"

मी पेन खाली ठेवलं. पर्समध्ये बाबांची जुनी मापाची टेप असते, आकडे पुसत आलेली. ती काढली, तिला जवळ बोलावलं आणि मावळ्याच्या अंगरख्यासाठी तिच्या खांद्याचं माप घेतलं.